पियानो सोडून चिखलात रमलेला शास्त्रज्ञ: सर्गेई विनोग्रादस्की

धुळ्यात पांझरेकाठी किंवा जळगावात मेहरूण तलावाकडे, जिथे पाणी साचून राहतं तिथला काळा गाळ काठीने ढवळून बघा. सडक्या अंड्यासारखा वास येतो. आपण नाक दाबून पुढे जातो. एक माणूस मात्र तिथेच थांबला.

पियानो ते मायक्रोस्कोप

सर्गेई विनोग्रादस्की 1856 मध्ये कीव्हमध्ये जन्मले. सेंट पीटर्सबर्गला आधी पियानो शिकले, मग ते सोडून विज्ञानाकडे वळले. 1885 मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले आणि बेजियाटोआ नावाच्या जिवाणूच्या मागे लागले.

हा जिवाणू गंधकाच्या पाण्यात धाग्यांसारखा वाढतो. त्याच्या पोटात गंधकाचे कण दिसायचे. विनोग्रादस्की काचपट्टीवरचं पाणी पुन्हा पुन्हा बदलत राहिले. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडका वास, दिला की कण वाढायचे. बंद केला की कण संपायचे. 1887 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: हा जीव त्या वायूवरच ऊर्जा मिळवतो. सूर्यप्रकाश किंवा तयार अन्न नसतानाही जगता येतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे झुरिकमध्ये त्यांनी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगवेगळे असतात हे दाखवलं. आपल्याकडे केळीला युरिया टाकतात, तेव्हा मातीत हीच साखळी चालते.

सेकंड इनिंग

पन्नाशीच्या आसपास ते निवृत्त होऊन युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहायला गेले. रशियन क्रांतीत ते सगळं गेलं, देश सोडावा लागला. 1922 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने बोलावलं, तेव्हा वय होतं 65 च्या पुढे. तिथे त्यांनी नव्याने सुरुवात केली. जिवाणू एकेकटा वेगळा काढून वाढवला तर त्याचं खरं वागणं कळत नाही, तो त्याच्या मातीतच बघा, हा त्यांचा आग्रह होता. आम्हा इंजिनिअर लोकांना हे पटतं: लॅपटॉपवर नीट चालणारा कोड लाइव्ह सर्व्हरवर वेगळंच वागतो. 1953 मध्ये फ्रान्समध्येच ते गेले.

आज याचं काय?

पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचे जड धातू शेवटी किनाऱ्याच्या गाळात बसतात. मग साधा उपाय सुचतो: गाळ उपसून टाका.

इथेच गोची आहे. ऑक्सिजन नसलेल्या थरात काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. जस्त, शिसं, कॅडमियम असे धातू त्याला चिकटतात आणि न विरघळता गाळात अडकून राहतात. घाईने उपसा केला की त्या थराला ऑक्सिजन लागतो, सल्फाइड मोडतं आणि धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. तिथून मासे, आणि मग आपलं ताट. वर राहून विषारी वायू खाणारे बेजियाटोआसारखे जिवाणूही उपशाबरोबर जातात.

पण नुसतं सोडून देणंही सुरक्षित नाही. गाळात पारा असेल, तर यातलेच काही जिवाणू त्याचं जास्त घातक मिथाइल मर्क्युरी करतात. म्हणून आधी कोणत्या थरात काय आहे ते तपासायचं. मग ठरवायचं: उपसायचं, स्वच्छ वाळूने झाकायचं, की जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं. आणि वरून येणारी घाण थांबवली नाही तर तिन्ही उपाय वाया.

घरी करून बघा

त्यांच्या नावाचा प्रयोग आजही कॉलेजात करतात. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत तलावाचा गाळ घ्या. त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, थोडा खडू आणि अंड्याचा बलक मिसळा, वर तलावाचंच पाणी ओता. हातमोजे घाला. झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो. बाटली खिडकीच्या उजेडात, हवेशीर जागी ठेवा आणि दर आठवड्याला मोबाइलवर एक फोटो काढा. दीड-दोन महिन्यांत हिरवे, जांभळे, काळे पट्टे दिसू लागतील. प्रत्येक पट्टा म्हणजे जिवाणूंची वेगळी वस्ती.

मग ती बाटली एकदा जोरात हलवून बघा. घाईचा उपसा गाळाचं काय करतो, ते लगेच दिसेल.