कुंडीतल्या वाटाण्यावर मिळालं भांडवल : त्र्यंबकच्या धुंडिराज फाळके यांची मिनिटभराची पहिली फिल्म

सिन्नर : तालुक्यात शॉर्ट फिल्म बनवायचं वेड आता गावोगाव पोहोचलंय. मोबाईल स्टँडला लावायचा, मित्रांनाच नट करायचं, रानात नाहीतर गल्लीत शूटिंग करायचं. पण दोन-चार फिल्म झाल्या की गाडी एकाच ठिकाणी अडते. पुढची जरा मोठी करायची तर पैसा कोण देणार? घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. बाहेरचा माणूस विचारतो, तुला येतं तरी का?

हाच प्रश्न 1912 साली आपल्याच जिल्ह्यातल्या एका बेचाळीस वर्षांच्या माणसापुढे होता. त्याने उत्तर दिलं ते कुंडीत वाटाणा लावून.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक आहे, 'राजा हरिश्चंद्र'ही ठाऊक आहे. पण हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी एक लघुपट केला होता आणि तो नसता तर हरिश्चंद्रही झाला नसता, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

सिन्नरहून नाशिक तीसेक किलोमीटर, तिथून पुढे साधारण तेवढंच त्र्यंबकेश्वर. तिथे 30 एप्रिल 1870 ला फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, साच्यांचं काम, नाटकाचे पडदे, जे दिसेल ते शिकायचं असा स्वभाव. जादूचे प्रयोगही करायचे. आपलं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने ते स्टेजवर उभे राहत.

गोध्रा इथे त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने घात केला. पहिली पत्नी आणि मूल, दोघंही गेले. 1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, गिरिजा करंदीकर यांच्याशी. सासरचं नाव सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे बरंच काम या बाईंनी केलं आहे.

1903 पासून काही वर्षं फाळके पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर-ड्राफ्ट्समन होते. आपलं गोंदेश्वर मंदिर आज ज्या खात्याच्या ताब्यात आहे, तेच हे खातं. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार. स्वदेशीचं वारं सुटलं तेव्हा ती त्यांनी सोडली आणि छपाईचा धंदा काढला, आधी लोणावळ्याला, मग दादरला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला होता, पण भागीदारांशी पटलं नाही आणि ते बाहेर पडले. वय चाळीस, घरात लेकरं आणि हातात काम नाही.

याच सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरची मूकफिल्म पाहिली. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांना तिथे आपले राम-कृष्ण दिसू लागले. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. तिकिटाचे पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले होते, असं सांगतात.

तिथून पुढचे काही महिने घरातली मंडळी काळजीत असणार. फाळके रोज चार-पाच तास सिनेमे बघत. खेळण्यातलं प्रोजेक्टर आणून जुनी रिळं रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चालवत. झोप नाही, कामधंदा नाही. शेवटी डोळे इतके बिघडले की दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. डॉक्टरांच्या इलाजाने आणि चष्म्यांनी नजर परत आली, आणि ती येताच गडी पुन्हा कामाला लागला. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात होत्या. नातेवाइकांनी वेड्यात काढलं असेल तर त्यांची फार चूक म्हणता येत नाही.

कॅमेरा इथे मिळत नव्हता आणि शिकवणारंही कुणी नव्हतं. मग 12,000 रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी 10,000 रुपये उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 ला लंडनची बोट धरली. तिथे ओळख कुणाशीच नाही. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली तशी ते सरळ आत शिरले. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. संपादकाने आधी त्यांना परावृत्त करायला पाहिलं, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थने स्टुडिओ दाखवला, काम समजावून दिलं. फाळके यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये ते परत आले. लंडनचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा.

आता कॅमेरा होता आणि विद्या होती, पण पिक्चर काढायला लागणारा पैसा नव्हता. सावकार, व्यापारी, ओळखीचे, सगळ्यांकडे जाऊन झालं. हिंदुस्थानी माणूस इथे बसून चालतं चित्र काढील यावर कुणाचा विश्वास बसेना. विश्वास बसावा असं दाखवायला काही नव्हतंच. एवढं कर्ज अंगावर असताना दुसरा कुणी मोठ्या पिक्चरची सुरुवात करून मोकळा झाला असता.

फाळके यांनी एक कुंडी घेतली, तिच्यात वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. ठरावीक वेळाने एकच फ्रेम घ्यायची, की थांबायचं. पुन्हा वेळ झाली की पुढची. असं महिनाभराहून जास्त चाललं. सगळ्या फ्रेम जोडून पडद्यावर सलग फिरवल्या तेव्हा बी फुटलं, अंकुर वर आला, पानं निघाली, वेल वाढत गेला, आणि हे सगळं जेमतेम मिनिटभरात. फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'.

आज मोबाईलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं, तेच हे काम. फक्त ते हाताने, दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यावर करायचं होतं आणि फिल्म धुतल्याशिवाय जमलं की फसलं हे कळायचा मार्ग नव्हता. एक गोष्ट आपल्याकडच्या पोरांनी बघण्यासारखी आहे. या फिल्ममध्ये नट नाही, कपडेपट नाही, संवाद नाही, भाड्याने घेतलेलं काही नाही. जे घरात होतं त्यावरच त्यांनी ती काढली. शेतकऱ्याच्या पोराला वाटाणा उगवण्यात नवल ते काय? पण उगवताना कुणीच कधी पाहिलेला नव्हता.

निवडक लोकांना बोलावून ही फिल्म दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे ही मंडळी त्यात होती. मिनिटभराचा तो वेल बघून त्यांनी कर्ज द्यायचं कबूल केलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. हरिश्चंद्राचं भांडवल झालं ते असं.

पुढची धावपळ अनेकांनी ऐकलेली असते. बायका काम करायला तयार नव्हत्या. ज्यांना समाजात कुठेच मान नाही अशा बायकांकडेही फाळके जाऊन आले, त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळके यांचा थोरला मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग हे बालमित्र, त्यांना काम फाळके यांनीच शिकवलं. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, म्हणून कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगायचं, हे त्यांनी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

बाहेरचं शूटिंग वांगणी गावात झालं. ढाल-तलवारी घेऊन एवढी माणसं आलेली बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोरच. खबर फौजदारापर्यंत गेली आणि नटमंडळी अडकून पडली. मग फाळके यांनी कॅमेरा लावून सगळं नाटक करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली अशी हकिगत आहे. गावात शूटिंगला जाण्याआधी सरपंच-पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवावं, हे तेव्हाही लागू होतं.

आणि सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्यावर. दिवसभर चूल सांभाळून रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायची. उजेडाची तिरीप आली तरी फिल्म वाया, म्हणून हे काम अंधारातच चाले. फिल्म धुणं, जोडणं, ऊन परतवायला पांढरी चादर धरून तासन्तास उभं राहणं, हे सगळं घरातली मुलं सांभाळून. जनक एकटे दादासाहेब असं आपण म्हणतो खरं. पण त्या कंपनीत दुसरा टेक्निशियन कोण होता असं विचारलं तर उत्तर त्यांच्या घरातच आहे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस खपून 3700 फुटांची, चार रिळांची फिल्म झाली. लांबी पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या मोठ्या शॉर्ट फिल्मएवढीच. 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना खेळ दाखवला आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ती लागली. लोकांनी गर्दी केली. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी तीनच रुपये जमले असं सांगतात. लोकांना नाटक पाच-सहा तासांचं बघायची सवय, एवढ्याशा खेळाला पैसे कोण मोजणार? तेव्हा फाळके यांनी जाहिरात दिली, की 57,000 फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र फक्त तीन आण्यांत. मैलाचा हिशेब अंमळ फुगवलेला, कारण 3700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. पण गल्ला वाढला.

यश मिळताच ते मुंबई सोडून नाशिकला आले आणि इथेच स्टुडिओ थाटला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' हे पुढचे चित्रपट नाशिकचे. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी काम केलं, म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. मोठ्या चित्रपटाला जोडून 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्मही दाखवली जाई.

मोठं नाव झालं म्हणून त्यांनी लघुपट सोडले नाहीत. काडेपेटीतल्या काड्या हलवून हलवून एकेक फ्रेम घेत 'आगकाड्यांची मौज' केली. तिचं तंत्र कुंडीतल्या वाटाण्याचंच. तळेगावच्या काच कारखान्यावर त्यांनी माहितीपट केला, चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारीही एक फिल्म केली. महायुद्धाच्या दिवसांत पैसा आटला, कच्ची फिल्म मिळेना, तेव्हा हा छोटा मालच हातात होता. पंचविसावर लघुपट त्यांच्या नावावर आहेत. मोठ्या चित्रपटांची संख्या 95 सांगितली जाते.

1914 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथेच राहून फिल्म बनवायचं बोलावणं आलं होतं. चांगला पैसा होता. ते परत नाशिकला आले.

1917 चा 'लंका दहन' तुफान चालला. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. पैसा दिसला तसे भांडवलवाले आले. 1918 मध्ये पाच भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आला, 'कालिया मर्दन' आला. कालिया मर्दनातला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता आणि फाळके यांना हवं तसं काम. छापखान्यात जे झालं तेच इथे झालं. ते राजीनामा देऊन काशीला निघून गेले. काही काळाने परत आले, पण पहिला जम पुन्हा बसला नाही. दोष एकट्या भागीदारांना देता येणार नाही. पैसा दुसऱ्याचा आणि मर्जी आपली, हे त्यांना शेवटपर्यंत जुळवता आलं नाही.

मग बोलपट आला. 1937 मध्ये कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला आणि नाशिकला येऊन राहिले. हातात फारसं काही उरलं नव्हतं. चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन मदत जमवली.

तरीही त्यांना आणखी एक फिल्म करायची होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, फिल्म काढायला सरकारी लायसन्स लागायचं. त्यांनी अर्ज केला. नकार आला. त्यानंतर लगेचच, 16 फेब्रुवारी 1944 ला, नाशिकमध्ये ते गेले.

1969 पासून त्यांच्या नावाने चित्रपटातला देशाचा सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो. नाशिकला पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. सिन्नरहून निघालं तर तासाभरात पोहोचता येतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात राहिली आहेत. वाटाण्याची ती मिनिटभराची फिल्म मात्र आता कुठे बघायला मिळत नाही.