हापशापलीकडची हेलन

हेलन केलर हे नाव उच्चारले, की आपल्या डोळ्यांसमोर एकच प्रसंग उभा राहतो. अंगणातला हापसा, एका हातावर पडणारी पाण्याची धार आणि दुसऱ्या तळहातावर शिक्षिकेच्या बोटांनी उमटणारी अक्षरे. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या अंध आणि बहिऱ्या मुलीला त्या क्षणी उमगले. प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. पण आपण तेथेच थांबलो, तर आपल्याला भेटते ती सहा वर्षांची हेलन. पुढची ऐंशी वर्षे आपल्या लेखी अंधारातच राहतात.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी २७ जून १८८० रोजी तिचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांची असताना एका आजाराने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही हिरावून नेली. मार्च १८८७ मध्ये वीस वर्षांच्या ॲन सुलिव्हान तिला शिकवण्यासाठी आल्या आणि तिचे जग बदलले. पुढे रॅडक्लिफ महाविद्यालयात प्राध्यापक बोलत आणि ॲनबाई त्यांचे व्याख्यान हेलनच्या तळहातावर अक्षर-अक्षर लिहीत. १९०४ साली हेलन सन्मानपूर्वक पदवीधर झाल्या.

आपल्याला ॲनबाई लाभल्या. ज्यांना कोणीच लाभत नाही त्यांचे काय, हा प्रश्न हेलनबाईंनी पुढे आयुष्यभर जागा ठेवला. जन्मतःच होणाऱ्या संसर्गाने अनेक अर्भके आंधळी होत. डोळ्यांत वेळीच औषधाचे थेंब घातले, तर हे टळण्याजोगे होते. पण या संसर्गाचे मूळ गुप्तरोगात असल्याने सभ्य समाज त्याविषयी बोलत नसे. १९०७ साली हेलनबाईंनी महिलांच्या एका लोकप्रिय मासिकात त्यावर उघडपणे लिहिले. अंधत्वाचा दारिद्र्याशी आणि कारखान्यांतील दुःस्थितीशी संबंध आहे हे पाहून त्या समाजवादी पक्षात गेल्या. तेव्हा कालपर्यंत कौतुक करणारी काही वृत्तपत्रे त्यांची मते त्यांच्या अपंगत्वाच्या माथी मारू लागली!

१९२४ पासून अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या वतीने त्या देशभर फिरल्या. देणग्या तर त्यांनी मिळवल्याच, पण केवळ दानावर विसंबून राहिल्या नाहीत. १९३० साली संसदेच्या समितीपुढे त्यांनी अंधांच्या पुस्तकांसाठी सरकारी तरतूद मागितली. पुढच्याच वर्षी प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी दरसाल १,००,००० डॉलर देणारा कायदा झाला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गरजू अंधांच्या साहाय्याला स्थान मिळाले. १९४४ साली त्या पुन्हा समितीपुढे गेल्या आणि अंध-बधिरांची व कृष्णवर्णीय अंधांची उपेक्षा त्यांनी मांडली. वडील गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यातले अधिकारी, आणि मुलगी कृष्णवर्णीयांसाठी साक्ष देते, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांच्या चरित्राला एक डागही आहे. १९१५ साली शिकागोत एका डॉक्टरने व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकावर शस्त्रक्रिया नाकारून त्याला मरू दिले. हेलनबाईंनी त्या डॉक्टरची बाजू घेतली. ज्या बाईने अपंगांसाठी एवढे झगडावे, तिनेही जगण्याचा हक्क बुद्धीच्या मापाने मोजावा! हक्काची कल्पना थोरामोठ्यांच्या मनातही किती हळूहळू रुजते, हे यावरून कळते.

१९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या भारतात आल्या आणि पंडित नेहरूंना भेटल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये ॲनबाईंच्या अस्थींशेजारीच त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या.

आपल्या देशात अपंगांच्या हक्कांसाठी १९९५ साली आणि पुन्हा २०१६ साली कायदा झाला. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखण्याचे बंधन आता आहे. पण कायद्याने जागा मिळते. वर्गापर्यंतचा जिना, फळ्यावरचा मजकूर आणि ग्रंथालयातले पुस्तक ही वाट कोणीतरी मोकळी करावी लागते. एका हेलनला एक ॲन भेटली, हे तिचे भाग्य. प्रत्येकाला भाग्यावर विसंबावे लागू नये, यासाठीच ती समितीपुढे उभी राहिली होती.