एका मताने वाचलेला राष्ट्राध्यक्ष

लिंकन आपल्या मुलांना चांगला ठाऊक असतो. त्याच्या मागून खुर्चीवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनबद्दल विचारा, बहुतेक जण गप्प बसतील.

जॉन्सन १८०८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली इथे जन्मला. वडील लवकर गेले, शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. शिंप्याकडे कामाला ठेवलं, तर तिथून पळाला. पुढे टेनेसीत ग्रीनव्हिलला स्वतःचं दुकान थाटलं. नीट लिहायला आणि हिशेब करायला शिकवलं ते बायकोने, एलायझाने! मग महापौर, गव्हर्नर, सेनेटर. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तेव्हा त्यांच्यातला जागा न सोडणारा हा एकटा सेनेटर. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला.

इथवर कौतुक वाटतं. पुढे नाही. गुलामगिरीतून सुटलेल्यांना हक्क देणाऱ्या विधेयकांना त्याने व्हेटो केला. १८६६ चा नागरी हक्क कायदा काँग्रेसला तो व्हेटो मोडूनच करावा लागला. दक्षिणेत लष्करी अंमल बसवणारे कायदेही तसेच झाले. ते राबवायला अध्यक्षाला मनाई करा, म्हणून मिसिसिपी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने १८६७ मध्ये साफ नकार दिला. अध्यक्षाच्या अशा कामात आपण हात घालणार नाही.

मग उरला महाभियोग. सेनेटच्या संमतीशिवाय अधिकाऱ्यांना काढायचं नाही, असा कायदा काँग्रेसने केला होता. फेब्रुवारी १८६८ मध्ये जॉन्सनने युद्धमंत्री स्टँटनला काढलं आणि हाउसने १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्याच्यावर खटला भरला. अकरा कलमांतली बहुतेक स्टँटनभोवतीच फिरणारी. काळ्या लोकांचं जे नुकसान झालं ते बाजूलाच राहिलं, हे मला फार खटकतं. सेनेटमध्ये दोषी ठरवायला ३६ मतं हवी होती, पडली ३५. कॅन्ससचा रॉस स्वपक्षाच्या विरोधात गेला.

गंमत म्हणजे १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच अवैध होता असं म्हटलं. आणि १ जुलै २०२४ च्या निकालात तर अधिकाऱ्याला पदावरून काढणं हे अध्यक्षाच्या खास अधिकारांत मोजलं. अशा कृत्यांसाठी माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालू शकत नाही. खाजगी कृत्यांना मात्र ते संरक्षण नाही.

जॉन्सन १८७५ मध्ये त्याच सेनेटमध्ये निवडून परत आला आणि जुलैत वारला. ग्रीनव्हिलला त्याला राष्ट्रध्वजात गुंडाळून पुरलं, उशाला राज्यघटनेची प्रत ठेवून.