चाकांवरचा गारवा

तासगावची निर्यातीची द्राक्षं भर उन्हात रीफर कंटेनरमधून गार जातात, त्यामागे फ्रेडरिक जोन्स आहे. जन्म १८९३, अमेरिकेतलं सिनसिनाटी. कृष्णवर्णीय, आई लहानपणीच दुरावलेली, शाळा अर्धवट. गॅरेजमध्ये राबून आणि पुस्तकं वाचून गडी शिकला. डिग्री नाहीच!

खोलीतला एसी एका जागी बसतो; गाडीतला सतत हादरे खातो, सांधे सैल होतात, गॅस गळतो. १९३८ च्या सुमारास जोन्सने हादरे सोसणारं युनिट बनवलं. आधी ते ट्रकखाली बसवलं, तिथे चिखल भरायचा; मग पुढे, केबिनच्या वर नेलं. मला त्याच्या साठेक पेटंटांपेक्षा ही जागाबदलच भारी वाटते. न्यूमेरोबरोबरची त्याची कंपनी म्हणजे थर्मो किंग. जोन्स १९६१ मध्ये गेला. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं १९९१ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी.