आधी पाहणी, मग आखणी
(द्वितीय वर्ष, कला)

समाजशास्त्राच्या तासाला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव आपण सगळेच ऐकतो. मालवणचा हा संस्कृतचा एम.ए. समाजशास्त्राकडे कसा वळला, याची चौकशी करू लागलो तर वाट एका दाढीवाल्या स्कॉटिश गृहस्थांपाशी जाऊन पोहोचते. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख होते पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, हुद्द्याने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि कीर्ती मात्र नगररचनाकार म्हणून. विशेष म्हणजे या प्राध्यापकाने स्वतः एकही पदवी घेतली नव्हती!

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे ते कुटुंब पर्थ या शहराजवळ टेकडीच्या कुशीतल्या घरात राहू लागले. घराला बाग होती. वडिलांनी मुलाला बागकाम शिकवले आणि त्याच्याबरोबर रानोमाळ भटकंती केली. टेकडीवर चढले की टे नदीचे खोरे डोळ्यांसमोर पसरलेले दिसे. उंचावर जाऊन आधी सगळा मुलूख नजरेखाली घालायचा आणि मग खाली उतरायचे, ही खोड गेडिस यांना तेव्हाच लागली असावी असे मला वाटते, कारण ती पुढे जन्मभर सुटली नाही.

काही काळ त्यांनी बँकेत उमेदवारी केली. एडिंबरोला वनस्पतिशास्त्र शिकायला गेले, पण तिथल्या सुकवलेल्या वनस्पतींच्या अभ्यासाला कंटाळून आठवड्याभरातच परतले. मग लंडनमध्ये हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. १८७८ मध्ये फ्रान्सला गेले असता त्यांना ल प्ले या समाजअभ्यासकाच्या विचारांचा परिचय झाला. माणसाचे जीवन समजायचे तर तो राहतो ते स्थळ, तो करतो ते काम आणि त्याचे कुटुंब या तिन्हींचा एकत्र विचार केला पाहिजे, असा तो विचार होता. गेडिस यांनी तिसऱ्या ठिकाणी कुटुंबाऐवजी लोक हा शब्द घातला आणि ही त्रयी आपलीशी केली.

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले. तिथे त्यांचे डोळे गेले म्हटले तरी चालेल. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागले. पंचवीस वर्षांचा होतकरू शास्त्रज्ञ, आणि वाचता येत नाही, लिहिता येत नाही! त्या काळात त्यांनी कागदाच्या घड्यांचे चौकोन बोटांनी चाचपत विचारांची मांडणी करायची सवय लावून घेतली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणे जमेना. नजर कमजोर झाल्यामुळे त्यांनी लहान गोष्टी सोडून मोठ्या गोष्टींकडे पाहायला सुरुवात केली, हे थोडे नवलाचेच.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या भागातील एका गलिच्छ वस्तीत. दोघांनी स्वतः झाडलोट केली, भिंतींना चुना लावला, शेजाऱ्यांना कामाला लावले, मोकळ्या तुकड्यांत रोपे लावली. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षातील एकच सत्र शिकवायचे असल्याने बाकीचा वेळ शहरांसाठी मोकळा राही. १८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोतील एक मनोरा ताब्यात घेतला. वर अंधाऱ्या खोलीतील मेजावर आरसा-भिंगांतून शहराचे हलते चित्र पडे. ते पाहून जिना उतरावा तसतसे एकेका मजल्यावर शहर, मग देश, मग युरोप, मग जग अशी माहिती मांडलेली असे.

खोऱ्याच्या छेदाची त्यांची कल्पना मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमीन उभी कापली अशी कल्पना करा. वर खाणकामगार, त्याखाली लाकूडतोड्या आणि शिकारी, गवताळ उतारावर मेंढपाळ, मग हलक्या जमिनीवरचा गरीब शेतकरी, सपाटीवर बागाईतदार आणि शेवटी किनाऱ्यावर कोळी. कोणता माणूस कुठे वसेल हे दगड, माती, उतार आणि पाणी यांनी आधीच बरेचसे ठरवलेले असते, आणि शहर म्हणजे या सर्वांचा खाली जमलेला बाजार. हे चित्र स्कॉटलंडचे खरे, पण सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणाकडे पाहिले तरी धनगर, वरकस जमिनीवरची नाचणी, भातखाचरे, नारळाची वाडी आणि कोळीवाडा त्याच क्रमाने दिसतात. म्हणून जमिनीचा एखादा तुकडा हाती घेण्यापूर्वी तो या उतारावर कुठे बसतो, त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे पाहावे असा गेडिस यांचा आग्रह असे. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याला आपण वैद्य म्हणत नाही. तसेच पाहणी न करता आखणी करणारा त्यांना रचनाकार वाटत नसे.

या आग्रहाची किंमतही त्यांनी मोजली. डन्फर्मलिन गावाला कार्नेगी यांनी देणगी दिली होती, आणि तिथल्या उद्यानाचा आराखडा करण्याचे काम गेडिस यांच्याकडे आले. विश्वस्तांना हवे होते उद्यान. गेडिस यांनी गावाची पाहणी करून उद्यानातून वाहणाऱ्या घाण ओढ्याच्या शुद्धीचा प्रश्न पुढे आणला आणि १९०४ मध्ये मोठे सचित्र पुस्तकच हाती ठेवले. विश्वस्तांनी ती योजना स्वीकारली नाही. पुढेही असे वारंवार घडले.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात यायला निघाले. शहरांविषयीचे नकाशे व चित्रे यांचे त्यांचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजावर होते. जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवले. अनेक वर्षांची मेहनत समुद्रात गेली. मित्रांनी इंग्लंडमध्ये धावपळ करून नवे साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर दहा वर्षांत त्यांनी या देशातील कितीतरी गावांचे अहवाल लिहिले. त्यांत आपल्याकडील ठाणे, वांद्रे, नागपूर ही गावेही आहेत. त्या काळी नगरसुधारणेचा सरकारी उपाय ठरलेला होता. नकाशावर पट्टी ठेवून दाट वस्तीतून रुंद रस्ता काढायचा आणि आड येतील ती घरे पाडायची. पाडलेल्या घरांतील माणसे जातात कुठे? ती शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहतात. गेडिस यांनी तंजावर, मदुरा येथे गल्लीगल्लीतून पायी हिंडून वेगळा मार्ग दाखवला. कोणते घर पडीक आहे, विहीर कुठे आहे, पार कुठे, झाड कुठे, कोपऱ्यात मोकळी जागा किती, हे सर्व ते नकाशावर टिपून घेत. मग केवळ मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून तिथे छोटा चौक करायचा, झाड लावायचे आणि बाकीची वस्ती जागच्या जागी ठेवायची. जपून केलेली शस्त्रक्रिया असे याचे वर्णन करता येईल. खर्च थोडा, उठवली जाणारी घरे थोडी. पण यासाठी उन्हात हिंडावे लागते, पट्टीचे काम कचेरीत बसून होते.

तळ्यांचेही तेच. हिवताप होतो म्हणून तळी बुजवण्याचा सपाटा तेव्हा चालू होता. गेडिस यांचे म्हणणे असे की तळे पुराचे पाणी पोटात घेते, आसपासच्या विहिरींना पाझर देते आणि गावाची हवा थंड ठेवते. डासांसाठी तळ्यात मासे व बदके सोडावीत, त्यासाठी तळे मारण्याचे कारण नाही. जीवशास्त्र शिकलेला माणूस नगररचनेत आला याचा हा फायदा.

इथे थोडे घरचे सांगतो. आमच्या घरात आजवर कोणी स्वतःच्या नावावर जागा घेतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी तालुक्याच्या गावी एक प्लॉट पाहिला. घरात लिहिता-वाचता येणारा म्हणून मी बरोबर. सातबारा पाहिला, बिगरशेती आदेश पाहिला, रस्त्याची रुंदी पाहिली. अण्णा मात्र खाली वाकून गवत बघत होते. इथे लव्हाळा आहे, पाणी धरणारी जागा दिसते, असे ते हळूच म्हणाले. विकणाऱ्याने भराव टाकून देतो म्हणून सांगितले आणि मीही कागद चोख असल्याची ग्वाही दिली. पहिल्याच पावसात जोत्याभोवती गुडघाभर पाणी साचले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या अण्णांना जमीन वाचता येत होती, पण कागदावर लव्हाळ्यासाठी रकाना नव्हता. गेडिस असते तर त्यांनी आधी अण्णांनाच विचारले असते.

गेडिस यांच्या कामातील सर्वांत रंगतदार प्रकरण इंदूरचे. होळकरांच्या या राजधानीला प्लेगने ग्रासले होते. पाहणीसाठी हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने बघत, कारण पाहणी म्हणजे घर पाडणे हाच त्यांचा अनुभव होता. गेडिस यांनी दरबाराकडे मागणी केली ती एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मिळावेत अशी! ते मिळाले. मग जाहीर झाले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील, जिथे घरांची डागडुजी झाली असेल, तिथूनच ती जाईल. साऱ्या शहरात चढाओढ लागली. कचऱ्याचे ढीग गाडाभर गाडा बाहेर गेले, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले झाडूवाले आपल्या सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले होते.

हे वाचताना आनंद होतो, पण एक गोष्ट खटकतेही. दुसऱ्या दिवशी झाडू पुन्हा त्याच हातांत होते. जुन्या गल्ल्यांवर, पारांवर, विहिरींवर गेडिस यांनी फार प्रेम केले, मात्र त्या विहिरींवर कोणाला पाणी भरू देत नव्हते याचा विचार त्यांच्या आखणीच्या केंद्रस्थानी आला नाही. स्थळ, काम आणि लोक यांची सांगड त्यांना सुंदर दिसली. आपल्याकडे ती जातीने आवळलेली होती.

इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. जमिनीखालून खर्चिक गटारे काढून घाण नदीत सोडण्यापेक्षा ती मळ्यांना खत म्हणून द्यावी आणि नद्या मोकळ्या ठेवाव्यात, असे त्यात आहे. तो लिहिणारा माणूस त्या वेळी कोणत्या अवस्थेतून गेला होता हे कळले की मन थक्क होते. १९१७ मध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात पडला. त्याच सुमारास ॲना तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ही बातमी पत्नीला कळू दिली नाही, मुलाची जुनी पत्रे ते तिला वाचून दाखवत राहिले. जून महिन्यात कलकत्त्यात त्या वारल्या.

मुंबईतील पाच वर्षांत त्यांनी शिष्य थोडे जोडले. त्यांतील घुर्ये यांना विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून ते इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले. गेडिस यांचे बोलणे दाढीत हरवे, अक्षर वाचवत नसे, हाती घेतलेले अर्धे राही. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला, आणि हा मात्र बऱ्याच अंशी प्रत्यक्षात उतरला.

जगभरच्या जमिनींची पाहणी केलेल्या या माणसाने १९२४ मध्ये स्वतःसाठी जागा घेतली ती फ्रान्समध्ये, माँपेलिये शहराबाहेर. खडकाळ, खुरट्या झुडुपांची टेकडी होती ती. पण तिच्यावर उभे राहिले की उत्तरेला सेव्हेनचे डोंगर आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र, मध्ये सगळे खोरे दिसे. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज उभारले आणि दगडांतून बागा फुलवल्या. १९३२ च्या आरंभी सरकारने दिलेली सर ही पदवी स्वीकारून ते टेकडीवर परतले. १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.