एकनाथमहाराज आणि दुसऱ्याचें मन

दुसऱ्याच्या मनांत काय आहे हें आपण ओळखतों, असें प्रत्येकास वाटत असतें. परंतु आपण कोणत्या घरीं जन्मलों, कोणाच्या पंक्तीस बसलों, कोणती भाषा ऐकत वाढलों, यांवर तें ओळखणें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. पाटलाच्या ओट्यावरून दिसणारा माणूस निराळा आणि गांवकुसाबाहेरून दिसणारा निराळा; माणूस मात्र एकच. हें मर्म ज्या थोर पुरुषानें चारशें वर्षांपूर्वीं जाणलें, तो आपल्याच मराठवाड्यांतील होता. जी गोदावरी नांदेडचे घाट धुऊन पुढें जाते, तिच्याच कांठीं वरच्या अंगास पैठण आहे. तेथील संत एकनाथांचें हें अल्प चरित्र.

नाथांचा जन्म परंपरेप्रमाणें इ. स. १५३३ च्या सुमारास झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजे. आईबाप लहानपणींच निवर्तल्यामुळें आजोबा चक्रपाणि यांनीं त्यांचें संगोपन केलें. पुढें बाल एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी थोर भगवद्भक्त, आणि निजामशाहींतील किल्ल्याचे अधिकारीही होते. एका पैची चूक सांपडावी म्हणून नाथांनीं तेथें रात्रभर हिशेब तपासला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण त्या किल्ल्यावर त्यांस आणखी एक शिक्षण मिळालें असावें. शास्त्री व शिपाई, हिंदु व मुसलमान, फारशी जाणणारे व केवळ मराठी बोलणारे अशा नाना लोकांच्या सहवासांत तो मुलगा वाढला.

गुरूची आज्ञा घेऊन नाथ तीर्थयात्रेस गेले व परत आल्यावर पैठणास गृहस्थाश्रमांत राहिले. पत्नी गिरिजाबाई यांनीं त्यांस उत्तम साथ दिली. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विख्यात टीका इ. स. १५७३ त काशी येथें पूर्ण झाली, आणि १५८४ त त्यांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढी विद्वत्ता असतां ते पंडितांच्या सभेंतच रमले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता.

पण नाथांनीं भारुडें रचलीं. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत वाघ्यामुरळी आपण पाहिले असतील. तसा वाघ्या नाथांच्या भारुडांत बोलतो. तेथें जोशी आहे, गोंधळी आहे, फकीर आहे. आंधळा, बहिरा, पांगळा आहे. नवऱ्यास कंटाळलेली बायको आहे. आणि दाराबाहेरून जोहार करणारा महारही आहे. हीं सर्व माणसें आपापल्या बोलींत बोलतात. परमार्थ सांगावयास नाथांनीं त्यांस आपल्या ओसरीवर बोलाविलें नाहीं; ते स्वतःच एकेकाच्या जागीं जाऊन उभे राहिले.

त्यांचा हिंदु-तुर्क संवाद या दृष्टीनें फार मननीय आहे. दोघेही एकमेकांस वेड्यांत काढतात. एक म्हणतो, तुम्ही दगडास देव मानतां. दुसरा म्हणतो, देव सर्वत्र आहे तर तुम्ही पश्चिमेकडेच तोंड कां करतां? प्रत्येकास दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, आपलें मुसळ दिसत नाहीं. वाद पुरता झाल्यावर मात्र, भांडण शब्दांचें आहे, देव एकच आहे, हें दोघांस उमगतें आणि ते परस्परांस आलिंगन देतात. विशेष हें कीं, नाथांनीं प्रतिपक्षाचे आक्षेप मिळमिळीत केले नाहींत. ते त्याच्याच जोरानें मांडले.

गोदावरीच्या तापल्या वाळूंत रडत असलेलें एका अस्पृश्य मानलेल्या मातेचें लेंकरूं नाथांनीं कडेवर घेतलें व घरीं पोंचविलें, असें चरित्रकार सांगतात. इतरांस तेथें जात दिसली. नाथांस भाजणारे पाय दिसले.

तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नाथांनीं महाराच्या तोंडून बोलावें, हें थोरच. पण तें स्वतः महारानें बोलणें नव्हे. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांनीं आपलें दुःख नाथांच्या दोनशें वर्षें आधीं स्वतःच्या अभंगांत सांगितलें होतें. दुसऱ्याच्या जागीं कल्पनेनें उभें राहणें ही पहिली पायरी. तो स्वतः बोलूं लागला म्हणजे गप्प बसून ऐकणें ही दुसरी. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनीं ही दुसरी पायरी ओळखली. महाराष्ट्राचें मन जाणावें म्हणून ते आपल्या संतांच्या ग्रंथांकडे वळले, आणि महीपतींनीं लिहिलेलें नाथांचें चरित्र १९२७ त त्यांनीं इंग्रजींत आणलें.

इ. स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनीं देह ठेवला. त्या तिथीस पैठणास अद्यापि मोठी यात्रा भरते.

विद्यार्थिमित्रांनो, लातुरास किंवा नांदेडास खेड्यांतून एखादा मुलगा शिकावयास येतो आणि वर्गांत गप्प बसतो. शहरांतील मुलें त्यास मंद म्हणून मोकळीं होतात. आपल्या बोलीस कोणी हंसेल या भीतीनें तर तो गप्प नसेल? आणि त्या शहरी मुलांस तो गर्विष्ठ समजत असेल, तर त्याचेंही चुकत नसेल काय? उद्यां त्याच्या बांकावर जाऊन बसा व त्याच्या गांवाची गोष्ट विचारा. नाथांचें चरित्र वाचल्याचें तेंच सार्थक होय.