ढग बनवणारे शास्त्रज्ञ : सी. टी. आर. विल्सन

अणूपेक्षाही लहान कण कुठून गेला हे कसं कळणार? त्याची वाट दाखवणारं उपकरण बनवलं चार्ल्स थॉमसन रीस विल्सन यांनी.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६९ रोजी स्कॉटलंडमध्ये शेतकरी कुटुंबात झाला. चार वर्षांचे असतानाच वडील वारले. १८९४ मध्ये बेन नेव्हिस डोंगरावरच्या वेधशाळेत काम करताना त्यांनी ढगांवर उमटलेली रंगीत कडी पाहिली. आपल्या हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र तुम्ही ऐकलं असेल, तसाच हा प्रकार! असे ढग आपणच बनवून बघावेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

१८९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ते कामाला लागले. काचेच्या भांड्यातली दमट हवा एकदम प्रसरण पावली की थंड होते आणि ढग बनतो. पण धूळ पूर्ण काढली तरी थेंब तयार होतच होते! ते विद्युतभारित आयनांवर जमत होते. म्हणजे कण ज्या वाटेनं आयन करत जाईल, तिथे थेंबांची रेघ उमटायला हवी. विल्सन काचेची भांडी स्वतः फुंकून घडवत. अखेर १९११ मध्ये त्या रेघा फोटोत आल्या. मध्ये तब्बल १६ वर्षं गेली होती!

या 'क्लाउड चेंबर'साठी त्यांना १९२७ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. १९३२ मध्ये अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला, तोही क्लाउड चेंबरमध्येच.

तेव्हा मुलांनो, आवडलेल्या गोष्टीचा पाठपुरावा सोडू नका. विल्सन ढगांच्या मागे लागले आणि कणांपर्यंत पोहोचले!